शटडाउनआधी हाताने यूमाउंट करू नका, कोण अडवतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वागळे इस्टेटमध्ये प्री-प्रेसचं छोटं युनिट. उबुंटूचा एक सर्व्हर, त्यात दोन डिस्कचं मिरर रेड (दोन्हींवर तोच डेटा), त्यावर चालू जॉबच्या फाइली आणि बिलिंगचा मायएसक्यूएल डेटाबेस. बॅकअपसाठी कायम जोडलेली यूएसबी डिस्क आणि जुन्या जॉबसाठी नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा खोका, एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वाटायच्या पद्धतीने माउंट केलेला, म्हणजे सर्व्हरच्या एका फोल्डरावर जोडलेला. रात्री शटडाउन दिला की मशीन दीड मिनिट अडकतं, कधी त्याहून जास्त. घरी जायच्या घाईत असलेला मुलगा पॉवरचं बटण दाबून धरतो. सकाळी कधीकधी डिस्कची तपासणी चालू दिसते, आणि मध्यंतरी बिलिंगचं एक टेबल ‘मार्क्ड ॲज क्रॅश्ड’ असा निरोप देऊन उघडेनाच. तेव्हा शटडाउनच्या आधी तीनदा सिंक (रॅममधलं लिखाण डिस्कवर पाठवायची कमांड) मारून सगळे माउंट यूमाउंट कमांडच्या लेझी पर्यायाने काढून टाकणारी स्क्रिप्ट लावली तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

नाही चालणार, उलट एक नवी भानगड मागे लागेल. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, नीट उतरवण्याचं (यूमाउंट करण्याचं) काम शटडाउन स्वतःच करतं आणि तुमच्या-माझ्या स्क्रिप्टपेक्षा जास्त सावधपणे करतं. तुमच्याकडे ते तडीस जात नाही, कारण एकतर माउंट कोणीतरी धरून ठेवलाय, किंवा यंत्रं बंद करायचा क्रम उलटा आहे. बहुधा दोन्ही. आणि मग काम संपायच्या आत बटणावर अंगठा पडतो. टेबल खराब होण्याचं कारण वेगळं आहे, त्याचा यूमाउंटशी फारसा संबंध नाही.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे आणि कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे तुमच्यासारखी मांडणी अगदी ओळखीची आहे. तरी काही गोष्टी तुमच्या जागेवरच कळतील: मायएसक्यूएल थेट चालतं की डॉकरमध्ये (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात), नॅस कोण आणि कधी बंद करतं, यूपीएस आहे का आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला लावलेली आहे का. उत्तर जिथे यावर बदलतं तिथे तसं सांगेन. कमांड मी फोनवर सांगतो तशा लिहिल्यात, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

आधी डेटा नेमका कुठे असतो ते बघू. प्रोग्रामने फाइल सेव्ह केली म्हणजे ती डिस्कवर पोचली असं नसतं. ती रॅममधल्या पेज कॅशमध्ये जाते आणि तिच्यावर ‘लिहायची बाकी’ अशी खूण पडते. मूळ सेटिंगमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर ५ सेकंदांनी जागा होऊन बघतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनं झालेलं लिखाण डिस्ककडे ढकलतो. वाशीच्या मार्केटमधला मुनीम गर्दीच्या वेळी कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि हात मोकळा झाला की पक्क्या वहीत चढवतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथली कच्ची वही वीज गेल्याबरोबर कोरी होते.

यावर जर्नल हा उपाय लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये बराच आधी आला. ईएक्सटी३ २००१ मध्ये कर्नलात दाखल झाली, ईएक्सटी४ २००८ च्या डिसेंबरात स्थिर म्हणून जाहीर झाली. रचनेतले बदल, म्हणजे कोणती फाइल कुठल्या फोल्डरात आणि कोणते ब्लॉक कोणाचे, हे आधी जर्नलमध्ये नोंदवायचे आणि मग जागेवर लिहायचे. ईएक्सटी४ ही नोंद साधारण दर ५ सेकंदांनी पक्की करते. मध्येच वीज गेली तर पुढच्या माउंटला जर्नल वाचून रचना पुन्हा जुळवली जाते आणि ते काम बहुतेक वेळा काही सेकंदांत उरकतं.

पण लोक इथेच गल्लत करतात. जर्नल सांभाळतं ते फाइल सिस्टिमला, तुमच्या फाइलीतल्या मजकुराला नाही. नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा, म्हणजे वर सांगितलेले रचनेतले बदल, जातो. ८०० एमबीची टिफ फाइल सेव्ह होत असताना बटण दाबलं तर सकाळी फाइल सिस्टिम ठणठणीत आणि टिफ अर्धवट, असं खुशाल होऊ शकतं.

डेटाबेस या खेळात कर्नलवर विसंबून राहत नाहीत. व्यवहार पूर्ण झाला की ते एफसिंक करून ‘हे आत्ताच डिस्कवर लिही आणि झाल्यावर सांग’ असं बजावतात. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन स्वतःचा वेगळा लॉगही ठेवतं, त्यामुळे अचानक बंद पडलं तरी पुन्हा सुरू होताना ते सावरतं. तुमचा ‘मार्क्ड ॲज क्रॅश्ड अँड शुड बी रिपेअर्ड’ हा निरोप मात्र इनोडीबीचा वाटत नाही, तो मायआयसॅमचा ठरलेला निरोप आहे. मायआयसॅम हे जुनं इंजिन, त्याला असा लॉग नाही. मायएसक्यूएलने ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी हेच मूळ इंजिन केलं, पण त्याआधी बनलेली किंवा जुन्याच साच्यावर बेतलेली बिलिंग सॉफ्टवेअरं अजून मायआयसॅमची टेबलं तयार करतात. ‘शो टेबल स्टेटस’ दिलं की इंजिनच्या रकान्यात कळेल. मायआयसॅम निघालं तर आधी डेटाबेसचा पूर्ण डंप (प्रत) घ्या, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा आणि मग टेबलं इनोडीबीत बदला. शटडाउन कितीही सुधारलं तरी दुपारी लाइट गेली की हेच टेबल पुन्हा झोपेल, म्हणून हे काम टाळू नका.

आता शटडाउन दिल्यावर काय होतं ते. उबुंटूत १५.०४ या आवृत्तीपासून हे सगळं सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम, बघतं. ज्या क्रमाने गोष्टी सुरू झाल्या त्याच्या उलट क्रमाने त्या बंद होतात. प्रत्येक सर्व्हिसला आधी ‘सिगटर्म’ जातो, म्हणजे ‘आवरा’ अशी विनंती. ठरलेल्या मुदतीत, जी सहसा ९० सेकंद असते, ती आवरली नाही तर ‘सिगकिल’, म्हणजे सरळ खातमा. सर्व्हिसेस गेल्या की माउंट उतरतात. शेवटी सिस्टमडीचा एक छोटा प्रोग्राम सूत्रं हातात घेतो. उरलेल्या प्रोसेसना तो पुन्हा एकदा विनंती करतो, मग मारतो, राहिलेले माउंट आणि स्वॅप, लूप डिव्हाइस, रेड, एलव्हीएम असे डिस्कवरचे इतर थर सोडवत जातो आणि जे सुटत नाही त्याच्याभोवती पुन्हा फिरतो. रूट फाइल सिस्टिम, म्हणजे जिच्यावर उबुंटू स्वतः आहे ती, पूर्ण उतरवता येत नाही, कारण तो प्रोग्राम स्वतःच तिच्यावर उभा असतो. म्हणून ती ‘फक्त वाचन’ अवस्थेत नेली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने तेवढं पुरतं, कारण लिहायचं सगळं लिहून झालेलं असतं.

तुमच्या स्क्रीनवर तीन लाल तारे कंसात इकडून तिकडे सरकत असतात आणि पुढे ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर’ असं येतं, ते या मधल्या टप्प्यावर. उजवीकडे ‘१ मिनिट १२ सेकंद / १ मिनिट ३० सेकंद’ अशी मोजणी असते. मशीन तेव्हा हँग झालेलं नसतं, कोणाची तरी वाट बघत असतं. त्या क्षणी बटण दाबून धरलं की माउंट उतरायच्या नेमक्या आधी वीज तोडल्यासारखं होतं. बिचाऱ्या मुलाला मात्र वाटतं, दीड मिनिट थांबलो, आता काही होत नाही.

तीनदा सिंकबद्दल. ही प्रथा जुन्या युनिक्सची. तिथे सिंक फक्त ‘लिहायला घ्या’ एवढं सांगून परत यायचं, लिहून होईपर्यंत थांबायचं नाही. तीनदा टाइप करण्यात जो वेळ जायचा तोच काय तो उपयोग. लिनक्समधलं सिंक लिहून होईपर्यंत थांबतं, तेव्हा एकदा पुरे. पण एकदाही तुमच्या उपयोगाचं नाही, कारण सिंक झाल्यानंतरच्या सेकंदाला मायएसक्यूएल किंवा सांबा (विंडोज पीसींना फाइली देणारी सर्व्हिस) पुन्हा काहीतरी लिहिणारच. लिहिणारे आधी थांबले तरच शेवटच्या सिंकला अर्थ, आणि तो क्रम शटडाउन आपणहून पाळतं.

स्क्रिप्टमधल्या यूमाउंटची खरी अडचण निराळी आहे. सर्व्हिसेस चालू असताना माउंट काढायला गेलात तर ‘टार्गेट इज बिझी’ येईल. समजा नेमकं तेव्हा कोणी वापरत नव्हतं आणि माउंट निघाला, तर ते जास्त वाईट. माउंट गेला तरी ते फोल्डर जागेवर असतं, फक्त आता ते रूट डिस्कवरचं रिकामं फोल्डर असतं. त्यानंतर जो प्रोग्राम तिथे लिहील तो कुरकुर न करता रूट डिस्कवर लिहील. वाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आधीच्या माणसाने अशी स्क्रिप्ट लावली होती. रात्रीचं बॅकअपचं काम तिच्यानंतर सुरू व्हायचं, सगळं रिकाम्या फोल्डरात उतरायचं आणि सकाळी बॅकअपची डिस्क त्याच फोल्डरवर बसली की ते झाकलं जायचं. रूट डिस्क भरत चाललीय एवढंच दिसायचं, कशाने ते कुणाच्या लक्षात येईना. डिस्क वापर मोजणारी कमांड सुद्धा माउंटच्या खाली दडलेलं दाखवत नाही. डिस्क काढून फोल्डर उघडल्यावर बॅकअपचा ढीग सापडला.

लेझी पर्यायाबद्दल तर मी कडक आहे. ‘यूमाउंट डॅश एल’ फाइल सिस्टिमला फोल्डरांच्या झाडावरून लगेच वेगळं करतं, म्हणून कमांड झटकन यशस्वी होते. पण ज्याने फाइल उघडून ठेवलीय त्याच्यासाठी ती फाइल सिस्टिम आत जिवंतच राहते, शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत. तोवर लिखाण बाकी असू शकतं आणि तुम्हाला मात्र माउंटच्या यादीत काही दिसत नाही. मेलेल्या नॅसपासून सुटका करून घ्यायला ते कधीतरी ठीक आहे. चालू डिस्कवर वापरलंत तर जी अडचण बघायची होती तीच नजरेआड जाते.

मग कोण धरून बसलंय ते शोधायचं कसं? शटडाउनच्या वेळी नाही, आधीच. ‘सुडो फ्यूजर’ला ‘व्हीएम’ हा पर्याय आणि माउंटचा पत्ता द्या. सुडो विसरू नका, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस दिसत नाहीत. यादीत ‘कर्नल माउंट’ अशी एक ओळ नेहमीच असते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. बाकीच्या ओळींत ॲक्सेसच्या रकान्यात छोटं ‘सी’ असेल तर ती प्रोसेस त्या फोल्डरात नुसती उभी आहे, तिने फाइल उघडलेली असेलच असं नाही. मोठं ‘एफ’ म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडी आहे, ते गंभीर. ‘एलएसओएफ’ला तोच पत्ता दिला की फाइलचं पूर्ण नावही मिळतं.

माझ्या अनुभवात निम्म्या वेळा गुन्हेगार असतो आपलाच टर्मिनल. कोणीतरी ‘सीडी’ कमांडने बॅकअपच्या फोल्डरात जाऊन बसतो आणि टर्मिनल तसाच उघडा ठेवून चहाला जातो. शटडाउनला असली प्रोसेस सहज मारली जाते, ती फारशी त्रासदायक नाही. खरा त्रास असतो तो क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चाललेल्या आरसिंकचा, म्हणजे फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामचा, सांबातून कुठल्यातरी विंडोज पीसीवर उघड्या राहिलेल्या जॉब फाइलीचा आणि डॉकर कंटेनरचा. डॉकरचं एक लक्षात ठेवा: कंटेनर थांबवताना तो मुळात १० सेकंदच वाट बघतो आणि मग मारतो. मायएसक्यूएल कंटेनरमध्ये असेल तर ही मुदत कंपोझ फाइलीत (कंटेनरच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘स्टॉप ग्रेस पिरियड’ लिहून एक-दोन मिनिटांपर्यंत वाढवा. आणि एखादी प्रोसेस ‘डी’ अवस्थेत अडकली असेल, म्हणजे डिस्कच्याच उत्तराची वाट बघत असेल, तर ती सिगकिललाही जुमानत नाही. असं यूएसबी डिस्कवर वारंवार होत असेल तर आधी वायर आणि एन्क्लोजर बदलून बघा. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय नॅसवर आहे. रात्री ऑफिस बंद करताना माणूस दारापासून सुरुवात करतो की बोर्डापासून? बऱ्याच ठिकाणी नॅस आणि नेटवर्क स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतात. मुलगा सर्व्हरला शटडाउन देतो आणि ‘तो होईलच’ म्हणून तोवर बोर्डाचं बटण बंद करतो. एनएफएस मुळात ‘हार्ड’ पद्धतीने माउंट होतं, म्हणजे नॅस उत्तर देत नसेल तर तो परत येईल या आशेवर थांबून राहतं. नॅसकडे न पोचलेलं लिखाण सर्व्हरच्या रॅममध्ये आणि ज्याच्याकडे द्यायचं तो बंद. मग दीड मिनिट काय, जास्तही लागेल. यावर ‘सॉफ्ट’ माउंट करा असा सल्ला सर्रास दिला जातो. फक्त वाचायचं असेल तर करा. लिहायचं असेल तर नको, कारण तिथे वाट बघून कंटाळलं की लिखाण चुकल्याचा एरर प्रोग्रामला जातो, आणि तो एरर नीट हाताळणारे प्रोग्राम थोडे.

नॅसवर फक्त जुने जॉब असतील तर त्याला कायम माउंट ठेवायची गरजच काय? एफएसटॅबमधल्या, म्हणजे माउंटच्या यादीच्या फाइलीतल्या, त्या ओळीत ‘एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट’ आणि सोबत ‘आयडल-टाइमआउट’ लिहा. कोणी फोल्डर उघडलं की तो माउंट होईल, काही मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप उतरेल. संध्याकाळी शटडाउनच्या वेळी उतरवायला काही उरतच नाही. हा एक बदल केला की बहुतेक ठिकाणची दीड मिनिटाची तक्रार थांबते.

यूएसबी डिस्कला हाच न्याय, किंचित वेगळ्या रीतीने. ती बॅकअपच्या कामाने स्वतः माउंट करावी, आरसिंक पूर्ण झाल्यावर स्वतःच उतरवावी. हो, ही पण यूमाउंटची स्क्रिप्टच झाली, पण इथे डिस्क वापरणारा आणि उतरवणारा एकच आहे, दुसऱ्या कोणाच्या पायाखालची सतरंजी ओढली जात नाही. त्यातही सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क खरंच बसलीय का ते तपासा आणि नसेल तर काम तिथेच थांबवा, म्हणजे लॅबसारखं होणार नाही. वर एक फायदा असा, की दिवसभर न जोडलेल्या माउंटपर्यंत रॅन्समवेअर सहजासहजी पोचत नाही. तीच डिस्क कोणी विंडोज पीसीला लावत असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत शटडाउन म्हणजे अर्धं हायबरनेशन असतं आणि एनटीएफएस डिस्क पूर्ण मोकळी होत नाही.

मिरर रेडवरच्या जॉब फोल्डरवर ज्या सर्व्हिसेस चालतात त्यांच्या युनिट फाइलीत (सिस्टमडीच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ घालून पुढे त्या फोल्डरचा पत्ता द्या. आरआयपीसाठी (छपाईची फाइल ठिपक्यांत बदलणाऱ्या प्रोग्रामसाठी) तुम्ही स्वतः लिहिलेली, फोल्डरात पडलेली फाइल आपोआप उचलणारी हॉट फोल्डरची सर्व्हिस असेल तर नक्कीच. एका ओळीने दोन्ही बाजू सांभाळल्या जातात: माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस सुरू होत नाही आणि सर्व्हिस थांबल्याशिवाय माउंट उतरत नाही. पॅकेजातून आलेल्या युनिटमध्ये थेट लिहू नका, अपडेटला जाईल. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने वेगळी फाइल करा.

दीड मिनिटाची मुदत कमी करून १० सेकंद करा, हाही सल्ला तुम्हाला मिळाला असेल. लॅपटॉपवर करा, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तसंच आहे. डेटाबेस असलेल्या सर्व्हरवर करू नका. इनोडीबीला कधी रॅममधली पानं लिहायला खरंच मिनिटभर लागतं, आणि तिथे मुदत कमी करणं म्हणजे मुलाच्या अंगठ्याचं काम सिस्टमडीकडे देणं.

विजेचं बोलल्याशिवाय ठाण्यात हे उत्तर पुरं होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ४०० केव्हीच्या कळवा-पडघा वाहिनीतल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती. तो दिवस सगळ्यांना आठवतो, पण एरवीही पावसाळ्यात फीडर ट्रिप होणं काही नवलाचं नाही. यूपीएस बहुतेकांकडे असतो. त्याची यूएसबी वायर मात्र खोक्यातच राहते. वायर नसेल तर यूपीएस सर्व्हरला फक्त थोडा उशिरा मारतो. स्वस्त मॉडेलला तर यूएसबीचं तोंडच नसतं, ते घेऊ नका.

वायर लावा, ‘नट’ म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा आणि ‘यूपीएससी’ने बॅटरीची स्थिती दिसतेय का बघा. नट मुळात ‘बॅटरी लो’ असा निरोप आल्यावर शटडाउन देतं. बॅटरी जुनी झाली की ‘लो’ आणि ‘संपली’ यांत काही सेकंदांचंच अंतर उरतं, म्हणून मी ‘यूपीएसशेड’मध्ये वेळ बांधून देतो: बॅटरीवर ३ मिनिटं झाली आणि लाइट आली नाही तर बंद व्हायला लाग. किती मिनिटं ठेवायची ते तुमचा यूपीएस किती तग धरतो आणि शटडाउनला किती वेळ लागतो त्यावर. एकदा मुद्दाम मेन स्विच काढून मोजा, शनिवारी दुपारी, कामाच्या वेळी नको.

नॅस आणि स्विच दोन्ही यूपीएसवरच हवेत. स्विच साध्या लाइटवर असेल तर लाइट जाताच नॅस दिसेनासा होतो आणि पुन्हा तीच एनएफएसची वाट बघणं. यूपीएसची वायर नॅसला लावून त्याच्याकडून नेटवर्कवरून सर्व्हरला निरोप मिळेल अशी सोयही करता येते, पण नॅस सर्व्हर पूर्ण बंद होईपर्यंत थांबेल असं धरून चालू नका. तो थोडा वेळ थांबतो आणि आपलं आवरायला घेतो. सर्व्हर आधी आणि नॅस नंतर बंद होईल असं अंतर वेळ बांधूनच ठेवावं लागतं.

सगळं करूनही एखाद्या रात्री मशीन खरंच अडकलं तर? बटण एकदा हलकं दाबणं म्हणजे शटडाउनचीच विनंती, ते सुरक्षित. चार सेकंदांहून जास्त दाबून धरणं म्हणजे वीज तोडणं. त्याआधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, मग यू, मग ओ ही अक्षरं एकेक करून, मध्ये काही सेकंद थांबत दाबा. एसने कर्नल सिंक करतो, यूने सगळं फक्त-वाचन अवस्थेत जातं, ओने मशीन बंद होतं. एसनंतर स्क्रीनवर ‘इमर्जन्सी सिंक कम्प्लीट’ आणि यूनंतर ‘इमर्जन्सी रिमाउंट कम्प्लीट’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं. इंटरनेटवर आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं सांगतात. उबुंटूत या सोयीचा सेटिंगमधला आकडा मुळात १७६ ठेवलेला असतो आणि त्यात सिंक, फक्त-वाचन आणि बंद-चालू एवढंच चालतं. मधली ई आणि आय दाबून काही झालं नाही तर गोंधळू नका. हे एका कागदावर छापून सर्व्हरवर चिकटवा.

सकाळच्या तपासणीबद्दल. बूट होताना ‘क्लीन’ असं लिहून पुढे फाइलींचे आकडे येतात ती ओळ म्हणजे सगळं ठीक आहे, ती तपासणी नव्हे. ‘रिकव्हरिंग जर्नल’ किंवा ‘रिकव्हरी कम्प्लीट’ दिसलं तर रात्री घाईने बंद झालं होतं. ‘प्रॉक’मधली ‘एमडीस्टॅट’ फाइल बघा, मिररचं ‘रिसिंक’ चालू असेल तर तीच खूण. टक्केवारी दाखवत बराच वेळ चालणारी पूर्ण तपासणी मात्र वेगळी. आताच्या ईएक्सटी४ वर ठरावीक बूटनंतरची सक्तीची तपासणी मुळात बंद असते, म्हणून ती वरचेवर होत असेल तर फाइल सिस्टिमने स्वतःवर ‘चूक सापडली’ अशी खूण केलीय. तेव्हा डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (तब्येतीचा अहवाल) आणि तिची साटा वायर बघा, आणि एका रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवा. एनव्हीएमई डिस्क असेल तर तिच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये ‘अनसेफ शटडाउन्स’ असा आकडा असतो. आजचा लिहून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा बघा, तोंडी हमीपेक्षा तो बरा.

आज रात्री शटडाउन देण्याच्या पाच मिनिटं आधी फ्यूजर तिन्ही माउंटवर चालवून निकाल जपून ठेवा. अडकलेल्या स्क्रीनवर लोगोच दिसत असेल तर एस्केप दाबा, मागचे निरोप दिसतील, त्यांचा मोबाइलने फोटो काढा. ‘स्टॉप जॉब इज रनिंग फॉर’च्या पुढचं नाव वाचता आलं पाहिजे. नॅसच्या माउंटचं नाव असेल तर ऑटोमाउंटपासून सुरुवात करा. मायएसक्यूएलचं असेल तर त्याला वेळ हवाय, मुदत वाढवा आणि थांबा. ‘यूजर मॅनेजर फॉर यूआयडी १०००’ असेल तर कोणाच्या तरी लॉगिनमध्ये एखादा प्रोग्राम मागे राहिलाय, तो फ्यूजरच्या यादीत सापडेल. आणि डॉकर आलं तर कंपोझ फाइल इथे टाका, बघून सांगतो.